अंतर तेच, मग येताना विमान लवकर कसं पोहोचतं?

मुंबई ते अमेरिकेतलं न्यूयॉर्कजवळचं न्यूअर्क, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. गोलावर दोरा ताणून मोजलेलं हे सर्वांत जवळचं अंतर, जाताना तेवढंच, येताना तेवढंच. सपाट नकाशावर तो दोरा उत्तरेकडे वाकलेला दिसतो, म्हणून पायलट वळसा घालतो असं समजू नका.

घड्याळाचा हिशोब ठाण्यात मुलं अमेरिकेला गेलेल्या काकूंना तोंडपाठ असतो. समजा, उन्हाळ्यात रात्री 1 वाजता निघून विमान सकाळी 7ला पोहोचलं. हे 6 तास नव्हेत. साडेनऊ तासांचा फरक मिळवला की साडेपंधरा. परतताना रात्री साडेआठला निघून दुसऱ्या रात्री साडेआठला मुंबई. 24मधून तोच फरक वजा, साडेचौदा. हिवाळ्यात तिकडची घड्याळं मागे जातात, फरक साडेदहा होतो. झालं.

खरी गोची आहे ती उरलेल्या एका तासाची. तो गेला कुठे? घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत यावर एकच ठाम उत्तर मिळतं: "अहो, पृथ्वी खालून फिरते ना!" हे ऐकलं की पृथ्वीआधी माझं डोकं फिरतं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान खरंच वर लटकून राहिलं असतं, तर न्यूअर्क आपणहून आपल्याकडे धावत आलं असतं आणि जातानाच कमी वेळ लागला असता. लागतो जास्त! शिवाय हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. धावत्या लोकलमध्ये उडी मारा, मुलुंड येईपर्यंत मागच्या डब्यात जाऊन पडत नाही तुम्ही.

तो तास खातो वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, जोरदार पट्टे वाहतात: जेट स्ट्रीम. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. विमानाचा ताशी नऊशेचा वेग असतो तो भोवतालच्या हवेच्या मानाने, जमिनीच्या नव्हे. खाडीत ओहोटीच्या ओढीबरोबर होडी वल्हवली की तेवढ्याच वल्ह्यात काठ भराभर मागे पडतो, तसंच हे. ताशी शंभरचा वारा पाठीशी असेल तर चार हजार किलोमीटरला 4 तास, समोरून आला तर 5.

म्हणून अटलांटिकवरचे हवाई मार्ग रोज वारा बघून नव्याने आखतात, जाण्याचे वेगळे आणि येण्याचे वेगळे. आणि "जाता-येता फिटंफाट" हेही खोटं. वरच्या उदाहरणात दोन्ही मिळून 9 तास होतात. वारा नसता तर 8 तास 53 मिनिटं. समोरचा वारा जास्त वेळ सोसावा लागतो, पाठचा लवकर संपतो.

तेव्हा जानेवारीत लेकीला आणायला निघताना किलोमीटरला वेगाने भागत बसू नका, विमान आत्ता कुठे आहे ते मोबाइलवर बघा. वारा जोरात असला तर ती अर्धा तास आधीच उतरलेली असते आणि बाबा अजून माजिवड्याच्या सिग्नलला असतात.