नौदलाचा वकील खरंच एफ-१४ उडवतो का?

‘जॅग’ ही अमेरिकी मालिका १९९५ ते २००५ चालली. नायक हार्मन रॅब हा रातांधळेपणामुळे वैमानिकी सोडून नौदलाचा वकील झालेला. तरी सकाळी कोर्ट, संध्याकाळी लढाऊ विमान! त्यावरून लष्करी वकील मोहिमांवरही जातात, असा समज अजून फिरतो.

अमेरिकी नौदलातले जॅग अधिकारी, म्हणजे लष्करी वकील, ‘स्टाफ कोअर’मध्ये, म्हणजे लढाऊ कमान नसलेल्या तज्ज्ञ अधिकाऱ्यांत मोडतात. युद्धनौकेची किंवा स्क्वाड्रनची (विमानांच्या तुकडीची) कमान त्यांना मिळत नाही. विमानवाहू नौकेवर वकील असतो, पण तो कॅप्टनला शिस्तभंगाच्या प्रकरणांत आणि युद्धाच्या कायद्यावर सल्ला द्यायला. मरीन या सागरी सैन्यदलातले वकील तेवढे वेगळे: ते लाइन अधिकारी, म्हणजे कमान मिळू शकणारे, क्वांटिकोच्या मरीन तळावर पायदळाचे प्राथमिक धडे गिरवून आलेले. म्हणजे मालिकेतली मरीन वकील मॅक, तिच्या हातातली बंदूक एक वेळ पटते, रॅबचं कॉकपिट नाही.

मालिकेतली खरी गफलत मात्र कोर्टातली आहे. एकाच ऑफिसातले दोघे, आज हा आरोप ठेवणारा, उद्या तोच बचावाचा. प्रत्यक्षात नौदलात खटला चालवणारी आणि बचाव करणारी कार्यालयं वेगळी, वरिष्ठांची साखळीही वेगळी. नाहीतर आरोपीने वकिलाला मनातलं सांगायचं कसं? पुरावे गोळा करणं हे काम एनसीआयएस या नौदलाच्या गुन्हे तपास संस्थेचं, आणि तिथले तपासनीस बहुतेक बिगरलष्करी.

वकिलाच्या टेबलावर रोज येतं ते मृत्युपत्र, नाहीतर मुखत्यारपत्र: सहा महिने समुद्रावर निघालेल्या खलाशाची गाडी मागे बायकोला विकता यावी म्हणून. मालिकेत हे कोण बघणार!