लाट फुटल्यावर पाण्याखाली काय होतं, त्यामागची थोडी हकिकत

चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणं आम्हा बेळगावच्या लोकांना काही नवीन नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं आणि लाट अंगावर फुटली की वरचा फेस सगळ्यांना दिसतो, पण एकदा डोळे उघडे ठेवून पाण्याखाली बघा, बुडबुडे आणि वाळू ताकात रवी फिरवल्यासारखं गरगरत असतं. ह्या घुसळणीलाच टर्ब्युलन्स म्हणतात.

किनाऱ्यावर लाट फुटते ती पाणी उथळ होतं म्हणून, भर समुद्रात मात्र वाऱ्यानं ती उभी होत होत मोडते. किती उभी होऊ शकते ते गणितज्ञ स्टोक्सने १८८० मध्ये गणितानं काढलं, माथ्याचा कोन १२० अंश झाला की संपलं. मोडल्यावर ताकद जाते कुठं? १९४१ मध्ये रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्हने गणितात बसवलं की मोठे भोवरे लहान भोवऱ्यांत फुटत जातात आणि शेवटी सगळं उष्णतेत जिरतं.

तरी कितीतरी वर्षं शास्त्रज्ञ समुद्राच्या वरच्या थराला भिंतीजवळच्या प्रवाहाचाच हिशोब लावायचे, म्हणजे पृष्ठभाग ही जणू भिंत, तिच्यापासून जितकं खाली तितकी घुसळण कमी, आणि फुटणाऱ्या लाटा हिशोबातच नाहीत! मला हे फार खटकतं, पण मोजणंही सोपं नव्हतं, कारण लाटेबरोबर पाणी जे झुलतं त्यापुढे टर्ब्युलन्सचा वेग अगदी बारीक, तो वेगळा काढायचा कसा.

गाठ सुटली ती समुद्रात नाही, सरोवरात. कॅनडा-अमेरिकेच्या मधल्या ऑन्टारिओ सरोवरातली मापं किताइगोरोडस्की, डोनेलन वगैरे संशोधक मंडळींनी १९८३ मध्ये छापली, आणि १९९२ मध्ये अगरवाल आणि सहकाऱ्यांचा पेपर नेचर ह्या विज्ञान-नियतकालिकात आला: लाटांखाली ऊर्जा जिरण्याचा वेग भिंतीच्या हिशोबापेक्षा दहापट ते शंभरपट! आपल्या हिडकल डॅमवर आषाढात वारा सुटला की पाण्यावर पांढऱ्या रेघा उठतात ना, तसलंच गोडं पाणी, फक्त लाटा मोठ्या.

पुढे १९९४ मध्ये क्रेग आणि बॅनरनी गणिती मॉडेलमध्ये फुटणाऱ्या लाटांची ऊर्जा वरून आत सोडली, १९९६ मध्ये टेरे आणि सहकाऱ्यांनी ह्या जोरात घुसळणाऱ्या वरच्या थराची जाडी सांगितली, लाटांच्या उंचीच्या साधारण ०.६ पट. लाटा दोन मीटरच्या असल्या तर वरचं सव्वा मीटरभर पाणी सगळ्यात जोरात घुसळलं जातं, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात शिरतो तो ह्याच थरातून.