दीर्घकालीन मोटार शर्यत, हौशी (सांघिक)

ठरावीक अंतर कमीत कमी वेळात कापण्याऐवजी ठरलेल्या वेळात एकाच मोटारीने जास्तीत जास्त फेऱ्या पूर्ण करण्याची, आणि त्यासाठी अनेक चालकांनी आळीपाळीने ती मोटार चालविण्याची, बंदिस्त धावमार्गावरील शर्यत. व्यावसायिक शर्यतींत मोटार उत्पादकाचा किंवा प्रायोजकाचा पैसा असतो. हौशी शर्यतीत मोटार, प्रवेशशुल्क, इंधन, टायर व दुरुस्ती यांचा खर्च संघातील सदस्य आपसांत वाटून घेतात. हौशी कोणाला म्हणावे याविषयी मात्र एकमत नाही. मोटारक्रीडेची आंतरराष्ट्रीय नियामक संस्था एफआयए चालकांचे प्लॅटिनम, सुवर्ण, रौप्य व कांस्य असे चार वर्ग करते आणि हौशी चालक सामान्यतः कांस्य वर्गात मोडतात. परंतु हे वर्गीकरण व्यावसायिक स्पर्धांत हौशींना सामावून घेण्यासाठी आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः अमेरिकेतील स्वस्त, जुन्या मोटारींच्या सांघिक शर्यतींचा विचार केला आहे.

या प्रकाराचा उगम बहुधा फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत सांगितला जातो. ती शर्यत २६ व २७ मे १९२३ रोजी प्रथम झाली व लागाश आणि लेओनार या जोडीने शेनार-वॉल्कर मोटारीतून जिंकली. तथापि चोवीस तासांची शर्यत त्याहून जुनी आहे. जुलै १९०५ मध्ये अमेरिकेतील ओहायओ राज्यातील कोलंबस येथे घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर अशी शर्यत झाली आणि तीत सूल्स बंधूंनी पोप-टोलेडो मोटारीतून सु. १,३३३ किमी. अंतर कापले. जून १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलंड्स येथे एस. एफ. एज यांनी एकट्याने चोवीस तास नेपियर मोटार चालविली. पण तो विक्रमाचा प्रयत्न होता, शर्यत नव्हे. त्यानंतर रहिवाशांच्या तक्रारींमुळे ब्रुकलंड्स येथे रात्री मोटारी चालविण्यावर बंदी आली. म्हणून १९२९ ते १९३१ या काळात तेथील चोवीस तासांची शर्यत बारा-बारा तासांच्या दोन दिवसांत विभागली गेली व मधल्या रात्री मोटारी कुलूपबंद ठेवल्या जात. आजच्या बहुतेक हौशी शर्यती शनिवार व रविवारी दिवसा प्रत्येकी सु. सात-आठ तास चालतात, ही मांडणी ल मांपेक्षा ब्रुकलंड्सच्या या मांडणीशी अधिक जुळते. दोहोंत थेट परंपरा मानण्यास मात्र आधार नाही. सारखेपणाचे कारण बहुधा आवाजाचे निर्बंध व रात्रीच्या व्यवस्थेचा खर्च हेच असावे.

चालकांच्या संख्येबाबतही ल मांचे उदाहरण जपून घ्यावे लागते. तेथे एकट्याने मोटार चालविण्यास दीर्घकाळ अटकाव नव्हता. १९५० मध्ये एडी हॉल यांनी सबंध शर्यत एकट्याने पूर्ण केली. १९५२ मध्ये प्येर लव्हेग यांनी सहकाऱ्याला जागा न देता मोटार चालविली आणि आघाडीवर असताना शेवटच्या टप्प्यात त्यांचे इंजिन निकामी झाले. हौशी शर्यतींत याउलट संघाचे किमान आकारमान नियमानेच ठरलेले असते. या साऱ्याचा विचार करता आजच्या प्रकाराचे मूळ अमेरिकेतील क्लब शर्यतींत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाने हौशी चालकांना परवाना व धावमार्ग मिळवून दिला. १९८० च्या दशकात ओहायओतील नेल्सन लेजेस येथे साध्या, दुकानातून घेतलेल्या व फारसे बदल न केलेल्या मोटारींच्या चोवीस तासांच्या शर्यती होत. आणि कॅलिफोर्नियातील थंडरहिल येथे नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशनची पंचवीस तासांची शर्यत २००३ पासून भरू लागली. या शर्यतींचा खर्च सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेरच राहिला.

ती उणीव ‘ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स’ (इंग्रजीत ‘लेमन’ म्हणजे सदोष, कुचकामी मोटार) या मालिकेने भरून काढली. पत्रकार जे लॅम यांनी २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील आल्टामाँट येथे ती सुरू केली. मोटारीची किंमत ५०० डॉलरपेक्षा अधिक नसावी, हा तिचा पायाभूत नियम आहे. चालकाच्या सुरक्षेची साधने व ब्रेक, टायर यांचा खर्च त्यात धरला जात नाही. शर्यतीपूर्वी परीक्षक मोटारीची व तिच्या खर्चाच्या कैफियतीची छाननी करतात आणि प्रत्येक जादा १० डॉलरमागे एक फेरी वजा करतात. एका संघात किमान चार चालक लागतात. मोटारींचे अपेक्षित वेगानुसार तीन वर्ग केलेले असतात. परंतु सर्वांत मानाचा पुरस्कार एकंदर विजेत्याला न देता, जिच्याकडून कोणतीच अपेक्षा नव्हती अशा मोटारीने केलेल्या उत्तम कामगिरीला दिला जातो. ल मां येथे इंधनाच्या काटकसरीसाठी दिल्या जाणाऱ्या जुन्या पुरस्काराचे हे विडंबन असले, तरी त्यामागे खरा न्याय आहे. आरंभीच्या वर्षांत स्पर्धकांच्या मतदानाने एखादी मोटार चिरडून टाकली जाई. ही प्रथा पुढे बंद पडली. काही शर्यतींत २०० हून अधिक मोटारी एकाच वेळी धावल्या आहेत. २००९ च्या सुमारास निघालेल्या चम्पकार या मालिकेने, जिचे नाव पुढे चॅम्पकार झाले, किमतीच्या वादातून सुटण्यासाठी प्रत्येक मॉडेलला व प्रत्येक सुधारणेला गुण ठरवून दिले.

निकाल फेऱ्यांच्या संख्येवर लागत असल्याने मोटार उभी राहण्यात गेलेला वेळ हा निर्णायक घटक ठरतो. फेरी दोन मिनिटांची धरल्यास सात तासांत २१० फेऱ्या होतात. दर फेरीस एक सेकंद वेगवान असलेली मोटार दिवसअखेर साडेतीन मिनिटे, म्हणजे दोन फेऱ्यांहूनही कमी, आघाडी घेते. पिटमध्ये (धावमार्गालगतच्या इंधन व दुरुस्तीच्या जागेत) पाच मिनिटांचा एक जादा थांबा ती आघाडी संपवून टाकतो आणि तासभराच्या दुरुस्तीने तीस फेऱ्या जातात. म्हणूनच अनुभवी संघ इंजिनाच्या ताकदीपेक्षा शीतकरण, ब्रेक पॅड व चाकांचे बेअरिंग यांवर अधिक खर्च करतात, आणि चालकाला इंजिनाचा पूर्ण वेग न वापरण्याची सूचना देतात. हे शहाणपण नवख्या संघांना पटवून देणे फार कठीण असते. एका चालकाची पाळी सु. दोन तासांची असते, कारण साधारणतः तेवढ्यात मूळ टाकीतील इंधन संपत येते व चालकही थकतो. चालक बदलताना हार्नेसचे पट्टे, रेडिओची तार आणि वेगवेगळ्या उंचीच्या चालकांसाठी आसन सरकविणे यांत वेळ जातो. त्याचा सराव गॅरेजमध्येच केला जातो. इंधन भरताना इंजिन बंद ठेवणे, चालकाने बाहेर येणे, भरणाऱ्याने अग्निरोधक पोशाख घालणे आणि एकाने अग्निशामक घेऊन उभे राहणे बंधनकारक असते. रोल केज (मोटार उलटल्यास चालकाला वाचविणारा पोलादी नळ्यांचा सांगाडा) व वीजप्रवाह तोडणारा मुख्य खटका यांवाचून कोणतीही मोटार तपासणीत उत्तीर्ण होत नाही.

धोक्याची सूचना देणारा पिवळा झेंडा दाखविला असताना पुढची मोटार ओलांडणे, घसरून धावमार्गाबाहेर जाणे किंवा दुसऱ्या मोटारीला धडकणे यांसाठी काळा झेंडा दाखविला जातो. मग ती मोटार परीक्षकांसमोर आणावी लागते व चालकाला घडलेल्या प्रकाराचा जाब द्यावा लागतो. गुन्हा वारंवार झाल्यास मोटार तासभर किंवा उरलेल्या दिवसासाठी थांबविली जाते. चूक एकाची असली तरी फेऱ्या सबंध संघाच्या जातात, त्यामुळे संयमी चालकाला संघात वेगवान चालकाहून अधिक किंमत असते. ज्यांना मोटार चालविण्यापेक्षा दुरुस्तीत रस आहे अशा सदस्यांचे मोलही येथेच कळते. रात्री इंजिनाचे हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधील सांधा घट्ट ठेवणारी चकती) बदलून सकाळी मोटार पुन्हा धावमार्गावर आणणे हा या शर्यतींचा नित्याचा भाग आहे.

यूरोपात ब्रिटनमधील सिट्रोएन टू सीव्ही मोटारींची चोवीस तासांची शर्यत याच जातीची आहे. जर्मनीत न्यूरबुर्गरिंग येथे १९७० पासून भरणाऱ्या चोवीस तासांच्या शर्यतीत हौशी संघ उत्पादकांच्या संघांबरोबर एकाच धावमार्गावर धावतात. दुबईच्या चोवीस तासांच्या शर्यतीतही हौशी चालकांना मोठे स्थान असून, जानेवारी २०२५ मध्ये तमिळ चित्रपट अभिनेते अजित कुमार यांच्या संघाने तेथे आपल्या वर्गात तिसरा क्रमांक मिळविला.