फाटा (मराठवाडा)

मोठ्या सडकेवरून आतल्या गावाची वाट जिथे फुटते, त्या जागेला मराठवाड्यात फाटा म्हणतात. फाट्याला नाव आतल्या गावाचे. गाव मात्र दोन-चार किलोमीटर आत. हजाराच्या आतबाहेर वस्ती असलेल्या अनेक गावांना बाहेरचा माणूस ओळखतो तो एवढ्यावरच. ‘गाडी फाट्यावर थांबते’ आणि ‘गाडी गावात येते’ यांतला फरक काय, हे पावसाळ्यात आजारी माणूस बाजेवर घालून नेणाऱ्यांना विचारावे.

रस्ता मिळणे हे माणसे किती यावर ठरते. 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने सपाट प्रदेशात किमान 500 लोकवस्तीची अट घातली. डोंगराळ व आदिवासी भागात ती 250 होती. साठ-सत्तर उंबऱ्यांचा तांडा किंवा वाडी सपाटीवर या अटीत बसत नाही. योजना वस्ती धरते, जनगणनेचे आकडे मात्र महसुली गावाचे निघतात. त्यामुळे तांड्याची माणसे मूळ गावच्या आकड्यात मिसळतात, आणि मूळ गाव सडकेवर असले की कागदावर तांडाही सडकेवरच दिसतो.

आकड्याचीही एक अडचण आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. 2011 ची शिरगणती 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. हा उसाचा ऐन गळीत हंगाम. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी अशा तालुक्यांतली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती पाडव्याच्या सुमारास परततात. मोजणीच्या पूर्ण काळात बाहेर असलेला माणूस घरच्या यादीत धरत नाहीत. तो जिथे असेल तिथे, म्हणजे उसाच्या फडावरच्या कोपीत (झोपडीत) मोजायचा असतो. गावात तेव्हा म्हातारीकोतारी आणि शाळेतली पोरे उरलेली असतात. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीखही 1 मार्च 2027 आहे, म्हणजे ती मोजणीही याच हंगामात पडते.

जनगणनेच्या ग्रामनिर्देशिकेत बससारखी सोय गावात नसेल तर ती किती लांब, हे तीन टप्प्यांत नोंदतात: 5 किलोमीटरच्या आत, 5 ते 10, आणि 10 च्या पुढे. चार किलोमीटरची चिखलवाट यात सर्वांत जवळच्या टप्प्यात जाते. काळ्या रानातली माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. मुरूम टाकला तरी खाली दबून जातो, म्हणून पाया भक्कम नसेल तर डांबरही दोन-तीन पावसाळ्यांत उखडते. मृग बरसला की चाकात चिखल बसून मोटारसायकल जागची हलत नाही, चप्पल हातात घ्यावी लागते. वाटेत पूल नसलेला ओढा असेल तर तो उतरेपर्यंत अलीकडेच थांबायचे.

याची झळ सर्वांत आधी मुलींना लागते. शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी लागते, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या. गावात शाळा पाचवीपर्यंतच असेल तर सहावीपासून मुलीला गावाबाहेर पाऊल टाकावेच लागते. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बसगाड्या अशा विद्यार्थिनींसाठी आहेत, पण गाडी फाट्यावरूनच परतत असेल तर तिथवरची वाट तिला चालूनच काढावी लागते. दवाखान्याचेही तेच: उपकेंद्र साधारण 5,000 लोकसंख्येमागे, प्राथमिक आरोग्य केंद्र 30,000 मागे. लहान गावाच्या वाट्याला ही दोन्ही बहुधा दुसऱ्या गावीच येतात.

पूर्वी मुक्कामी एसटीचा मोठा आधार असे. रात्री गाडी गावात थांबायची आणि पहाटे दूध, भाजी, बाजारकरू घेऊन तालुक्याला निघायची. ही गाडी नसलेल्या गावांचा आता काळी-पिवळी जीप आणि ॲपे रिक्षा यांवर भर आहे. माणसे पुरेशी भरल्याशिवाय त्या हलत नाहीत.

चहाची टपरी, पंक्चरचे दुकान, कृषी सेवा केंद्र, मग एखादे पत्र्याचे घर, असे करत फाट्यावरच वस्ती वाढू लागते. फाटा त्याच गावच्या शिवारात असेल तर ती घरे त्या महसुली गावातच मोजली जातात, आणि आतली आळी ओस पडली तरी गावाचा आकडा तेवढाच राहतो.