‘मनावर घेतलं की सुटतंय’: एका समजुतीची पार्श्वभूमी

कोल्हापुरात सिगारेट सोडण्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. "मनावर घेतलं की सुटतंय, त्यात काय एवढं?" आणि "आता ह्या जन्मात काय सुटत नाही बघा." बऱ्याचदा दोन्ही वाक्यं एकाच माणसाची असतात. पहिलं तो पंचविशीत म्हणतो, दुसरं पंचेचाळिशीत. बोलणं उलटसुलट असलं तरी दोन्हींमागचं गृहीत एकच: सिगारेट सुटणं हा मनाच्या ताकदीचा मामला आहे. असेल तर सुटेल, नसेल तर नाही. तालमींच्या गावात हे पटायलाही सोपं जातं. पण मन आणि सिगारेट यांचं नातं नक्की काय, याबद्दल विज्ञानानं गेल्या साठ वर्षांत दोनदा मत बदललं आहे, आणि टपरीवरची चर्चा अजून पहिल्या मुक्कामावरच आहे.

तंबाखू आपल्या मुलखात आली ती पोर्तुगीजांमार्फत. तिचा उत्तरेतला प्रवास मात्र आपल्या शेजारून सुरू झाला. अकबराच्या दरबारातला असद बेग विजापूरला गेला होता. तिथं त्यानं तंबाखू पहिल्यांदा पाहिली आणि 1604 च्या सुमारास रत्नजडित नळीसकट ती बादशहाला नजर केली. तेव्हा पन्हाळ्यावरही याच आदिलशाहीचा अंमल होता. अकबरानं दोन-चार झुरके घेतले, तसा हकीम मध्ये पडला: ज्या वस्तूबद्दल आपल्या ग्रंथांत काही लिहिलेलं नाही, ती घेऊ नये. असद बेगनं हुज्जत घातली की पहिल्यांदा प्रत्येक गोष्ट नवीनच असते. बादशहानं वादात बाजू घेतली असद बेगची, पण सवय काही लावून घेतली नाही. दरबारातल्या सरदारांनी मात्र ती उचलली. जहांगीरनं 1617 मध्ये बंदीचं फर्मान काढलं, त्याचा उपयोग झाला नाही. त्याच सुमारास, 1623 मध्ये, इंग्लंडात फ्रान्सिस बेकन लिहीत होता की तंबाखू माणसाला छुप्या सुखानं जिंकते आणि एकदा सवय झालेल्याला तिच्यापासून आवरणं कठीण जातं. म्हणजे सुटत नाही ही तक्रार धुराइतकीच जुनी.

कोल्हापूरकराला तंबाखू म्हटलं की आधी निपाणी आठवते. कागल ओलांडलं की पुढं आलीच. विडीच्या तंबाखूची ही मोठी बाजारपेठ. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायका तोंडाला पदर बांधून बसतात आणि तरीही खकाणा नाका-डोळ्यांत जातोच. बाहेरचा माणूस दाराशी उभा राहिला तरी शिंकून हैराण होतो. 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी इथं महामार्ग अडवला होता. 6 एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे जीव गेले. ज्या पिकावर एवढं पोट अवलंबून आहे, त्याला त्या भागात कोणी ‘विष’ म्हणून हिणवत नाही. सोडायचं म्हणणाऱ्याच्या डोक्यात हेही असतं, हे शहरी सल्लागारांच्या लक्षात येत नाही.

आता विज्ञानाकडं. निकोटिन वेगळं काढलं ते 1828 मध्ये, हायडेलबर्गच्या पोसेल्ट आणि राइमान या दोघांनी. पण माणूस सिगारेट ओढतो ती निकोटिनसाठी, हे कळायला आणखी शंभराहून जास्त वर्षं गेली. ग्लासगोचे डॉक्टर लेनक्स जॉन्स्टन यांनी स्वतःला आणि काही स्वयंसेवकांना निकोटिनची इंजेक्शनं टोचून पाहिली आणि 1942 मध्ये निष्कर्ष छापले. सिगारेट ओढणाऱ्यांना इंजेक्शन सुखाचं वाटलं. बऱ्याच इंजेक्शनांनंतर तर सिगारेटपेक्षा तेच बरं वाटू लागलं. हा प्रयोग फार कोणी मनावर घेतला नाही.

1950 मध्ये डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. 11 जानेवारी 1964 ला अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे सरकारच्या आरोग्यप्रमुखाचा, गाजलेला अहवाल आला. त्यात सिगारेटचे दुष्परिणाम ठणकावून सांगितले होते, पण सुटत का नाही या प्रश्नाला उत्तर होतं: ही ‘सवय’ आहे, व्यसन नव्हे. मुळं मानसिक आणि सामाजिक आहेत. टपरीवरचं ‘मनावर घेतलं की सुटतंय’ ते हेच.

ही मांडणी कंपन्यांच्या पथ्यावर पडली. सवयच असेल तर ओढणं हा ज्याचा त्याचा निर्णय, मग आजारी पडलात तर कंपनीचा काय दोष? पुढं कितीतरी वर्षं न्यायालयांत हाच बचाव चालला. 1988 मध्ये सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप यांच्या अहवालानं ती बाजू उलटवली. निकोटिन हे व्यसन लावणारं द्रव्य आहे आणि ज्या प्रक्रियांनी हेरॉइन-कोकेनचं व्यसन लागतं, तशाच प्रक्रिया इथंही आहेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं. तरीही एप्रिल 1994 मध्ये सात मोठ्या तंबाखू कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर शपथेवर सांगून आले की त्यांना निकोटिन व्यसनकारक वाटत नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो असा.

1988 नंतर मात्र लंबक दुसऱ्या टोकाला गेला. व्यसन म्हणजे मेंदूतलं रसायन, रसायनावर उतारा रसायनाचा. निकोटिनचं च्युइंगम तोवर आलेलंच होतं. त्याची कल्पनाही मजेशीर ठिकाणी सुचली: स्वीडनच्या पाणबुड्यांत सिगारेट ओढता येत नसे, तेव्हा खलाशी तंबाखूच्या इतर प्रकारांवर वेळ भागवत. ते पाहून 1967 मध्ये एका संशोधकानं औषध कंपनीतल्या ओव्ह फर्नो यांना पत्र लिहिलं आणि फर्नोंनी पुढं च्युइंगम तयार केलं. अशा उत्पादनांनी सोडण्याची शक्यता दीडपटीच्या आसपास वाढते, हे पुढं अनेक चाचण्यांत दिसलं. फायदा खराच. पण निकोटिन दिल्यावरही बहुतेकांची सिगारेट सुटत नव्हती. मग उरलं काय?

उरलेल्याचा माग आधीच काही जण काढत होते. व्हिएतनाम युद्धातून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला. तिथं असताना जवळपास वीस टक्के सैनिक हेरॉइनच्या आहारी गेलेले. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांतल्या शंभरातले पाचेकच पुन्हा आहारी गेले. जागा बदलली, सोबत बदलली, आपण कोण आहोत ही जाणीव बदलली. 1977 मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी ‘आपल्याला हे जमेल’ या विश्वासाचा माणसाच्या वागण्यावर होणारा परिणाम मांडला. 1985 मध्ये ॲलन मार्लट यांनी सोडलेलं परत का सुरू होतं, याचा उलगडा करताना एका ओळखीच्या वळणावर बोट ठेवलं. महिनाभर न ओढलेला माणूस एखाद्या रात्री एक सिगारेट ओढतो. त्या एकीनं शरीरात फार काही उलथापालथ होत नाही. होते ती डोक्यात: "गेलं सगळं पाण्यात. आपल्यात तो दमच नाही." आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण पाकीट. आपल्याकडं रानातल्या मटणाच्या जेवणानंतर असे किती महिने वाया गेले असतील, देव जाणे. घसरण होते ती एका सिगारेटीनं कमी आणि त्या सिगारेटीच्या लावलेल्या अर्थानं जास्त.

या सगळ्यात मला सर्वांत बोलके वाटतात ते इस्रायलमधल्या रूवेन दार यांचे अभ्यास. सनातनी ज्यू लोक शब्बाथच्या, म्हणजे आठवड्यातल्या पवित्र विश्रांतीच्या, दिवशी विस्तव पेटवत नाहीत, म्हणजे सिगारेटही नाही. दार यांनी 2005 च्या अभ्यासात अशा लोकांची तल्लफ तीन वेगवेगळ्या दिवशी मोजली. शब्बाथला तल्लफ कमी. कामाच्या दिवशी मुद्दाम ओढू नका म्हटलं तर ती जास्त, वर चिडचिडही. दोन्ही दिवशी निकोटिन सारखंच बंद. 2010 मध्ये त्यांच्याच गटानं विमानातल्या कर्मचाऱ्यांवर अभ्यास केला. न्यूयॉर्कच्या लांब उड्डाणात तीन-चार तास झाले तरी तल्लफ फारशी नसे. युरोपच्या छोट्या उड्डाणात तेवढ्याच वेळानंतर ती उसळलेली असे. कारण विमान उतरत आलेलं असे. लांब उड्डाणातही ती वाढली ती उतरण्याच्या वेळीच. तल्लफ घड्याळापेक्षा संधीकडं बघून चालत होती.

हे समजायला कोल्हापूरकराला तेल अवीव लागत नाही. गटारीपर्यंत तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारणारा गडी श्रावण लागला की महिनाभर मटणाकडं बघत नाही, आणि त्यासाठी रोज मनाशी झुंजतही नाही. श्रावणात मटण हा पर्यायच नसतो, विषय संपला. तोच माणूस जानेवारीत ‘मटण कमी करायचं’ ठरवतो आणि पहिल्याच रविवारी हरतो. किंवा पुण्याला जाणारी एसटी घ्या. ‘धूम्रपान करू नये’ या पाटीखाली तो दोन तास गप्प बसलेला असतो. गाडी हॉटेलच्या थांब्यासाठी वेग कमी करते, तसा त्याचा हात खिशात जातो. दार उघडून पायरीवर पाय पडायच्या आधी काडी हातात.

इथं माझं मत सांगतो. इच्छाशक्ती हा शब्द या विषयात जरा जास्तच वापरला गेला. श्रावण पाळणारा माणूस इच्छाशक्तीचा पुतळा नसतो. त्यानं त्या महिन्यापुरता प्रश्नच मिटवलेला असतो. सिगारेट सोडताना बहुतेक जण उलट करतात: प्रश्न उघडा ठेवतात आणि दिवसातून वीसदा त्याच्याशी लढतात.

समजुतीचा परिणाम मेंदूच्या चित्रांतही दिसला. 2015 मध्ये शियाओसी गू आणि सहकाऱ्यांनी सिगारेट ओढणाऱ्यांना निकोटिन असलेलीच सिगारेट दिली, पण काही वेळा यात निकोटिन नाही असं सांगितलं. मेंदूचा प्रतिसाद त्या सांगण्यानुसार बदलला. शरीराची बाजूही तितकीच ठसठशीत निघाली. 2007 चा नक्वी आणि बेकारा यांचा अभ्यास बघा: पक्षाघातात मेंदूतल्या इन्सुला नावाच्या भागाला इजा झालेल्या काही जणांची सिगारेट फारशा कष्टाविना सुटली. रोज चाळीस ओढणारा एक जण सांगत होता की आपलं शरीर ती ओढच विसरलं. इन्सुला हा शरीराच्या आतल्या हालचाली जाणिवेपर्यंत आणणारा भाग. मन आणि शरीर यांची फाळणी करून दोघांपैकी एकाला दोषी धरणाऱ्यांची इथं पंचाईत होते.

समजुतींपैकी दोन आपल्याकडं फार चिवट आहेत. एक, टेन्शनवर सिगारेट लागतेच. शिरोलीच्या फाउंड्रीत रात्रपाळी करणारा असो की शाहूपुरीतला दुकानदार, सगळे हेच सांगतात. निकोटिनचा रक्तातला अंमल दोनेक तासांत निम्म्यावर येतो, अस्वस्थता सुरू होते आणि पुढची सिगारेट तीच अस्वस्थता शमवते. आग लावणाराच बंब घेऊन येतो. 2014 मध्ये 26 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सिगारेट सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण कमी झाल्याचं त्यात दिसलं. दुसरी समजूत, सकाळी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही. यात थोडं तथ्य आहे. निकोटिन आतड्यांना चाळवतं आणि सोडल्यावर काहींना बद्धकोष्ठ होतो. पण ती काही आठवड्यांची गोष्ट, आयुष्यभराची नव्हे. हे आधी ठाऊक असलेला माणूस चौथ्या दिवशी घाबरत नाही.

समजुतींवरच सगळी पद्धत उभारणारा माणूस म्हणजे लंडनचा हिशेबनीस ॲलन कार. दिवसाला शंभरापर्यंत सिगारेटी ओढणाऱ्या कारनं 1983 मध्ये सोडल्या आणि मग इतरांना सोडवायचे वर्ग सुरू केले. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आपण काहीतरी सुखाचं गमावतोय असं वाटतं म्हणून सोडणं जड जातं, गमावण्यासारखं काही नाही हे पटलं की लढाई उरत नाही. डॉक्टर मंडळींनी बरीच वर्षं नाकं मुरडली. 2019 मध्ये डब्लिनच्या 300 जणांवरच्या चाचणीचे निकाल आले: वर्षानंतर कारच्या पद्धतीनं 22 टक्के सुटलेले, सरकारी ऑनलाइन सेवेनं 11 टक्के. लंडनच्या पुढच्या चाचणीत समोर औषधं आणि समुपदेशन दोन्ही देणारी सेवा होती. तिथं ठळक फरक निघाला नाही. म्हणजे पद्धत चालते, जादू नाही. डब्लिनचा आकडा उलटा वाचला तर 78 टक्के लोक वर्षानंतर ओढतच होते.

म्हणून ‘सगळं मनावर आहे’ हे ऐकवणाऱ्यांपासून सावध राहिलेलं बरं. उठल्यावर पाच मिनिटांत ज्याला पहिली लागते, त्याचं शरीर खोल अडकलेलं असतं. निकोटिनचं व्यसन किती खोल आहे हे मोजणाऱ्या फागरस्ट्रोम यांच्या प्रश्नावलीत हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. अशा माणसाला औषध, च्युइंगम, डॉक्टर हे सगळं लागू शकतं, आणि ते घेणं म्हणजे मन कच्चं असणं नव्हे.

महाराष्ट्राचं चित्र आणखी वेगळं आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यात ओढणारे प्रौढ 3.8 टक्के निघाले आणि धुराविना तंबाखू घेणारे 24.4 टक्के. "सिगारेट सोडली" असं अभिमानानं सांगणाऱ्याच्या गालात मावा असतो तो यामुळं. त्याच्या हिशेबी तो सुटलेला असतो. 1 सप्टेंबर 2018 पासून पाकिटांवर भीतिदायक चित्राबरोबर मदतीचा मोफत क्रमांकही छापला जातो: 1800-11-2356. पण आपला गडी पाकीट घेतोय कुठं? सुट्या विक्रीवर राज्यानं 2020 मध्ये बंदी घातली तरी टपरीवाला पाकिटातून एक काढून देतो, चित्र आणि क्रमांक त्याच्या फळीवर राहतात, आणि ती एक पेटवता पेटवता गिऱ्हाईक शेजारच्याला सांगत असतो, "मी काय ओढणाऱ्यातला नाही, भावा. आपली कधीतरी एखादी."