काळा पडदा: एचडीसीपीचा दोष की बँडविड्थचा?

स्ट्रीमिंग स्टिक थेट टीव्हीला लावली तर चित्र व्यवस्थित दिसते, पण तीच स्टिक होम थिएटरच्या रिसीव्हरला (आवाज स्पीकरांकडे आणि चित्र टीव्हीकडे पाठवणाऱ्या उपकरणाला) लावून तिथून टीव्हीकडे नेली की पडदा काळा पडतो, हा अनुभव घरी रिसीव्हर असलेल्या पुष्कळांनी घेतलेला असतो. त्यामागे बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण निघते: एकतर एचडीसीपीची ओळख पटलेली नसते, नाहीतर वाटेतल्या एखाद्या दुव्याला तेवढा डेटा वाहून नेणे झेपत नसते. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसत असल्यामुळे एकावरचा उपाय दुसऱ्यावर करण्यात पैसे वाया जातात. माझ्याकडच्या २०१४ सालच्या रिसीव्हरसाठी मी एकामागून एक तीन महागड्या केबल आणल्या होत्या. दोष केबलमध्ये नव्हताच.

एचडीसीपी ही इंटेलने विकसित केलेली नक्कलरोधक व्यवस्था आहे. समोरच्या उपकरणाकडे वैध किल्ल्या आहेत का हे स्टिक आधी तपासते आणि मगच कूटबद्ध केलेले चित्र सोडते. रिसीव्हर मध्ये आला की हे काम दुहेरी होते, कारण त्याला स्टिकला स्वतःची ओळख पटवावी लागते, पुढच्या टीव्हीची ओळख तपासावी लागते आणि त्या टीव्हीची माहिती परत स्टिकला कळवावी लागते. ४के चित्रपट आणि मालिकांसाठी स्ट्रीमिंग सेवा सामान्यतः एचडीसीपी २.२ किंवा त्यापुढची आवृत्ती मागतात, आणि साखळीतले एक जरी उपकरण जुन्या १.४ आवृत्तीवर थांबलेले असेल तरी ही मागणी पुरी होत नाही. अशा वेळी कधी त्रुटीचा संदेश येतो, कधी नुसता काळोख होतो, तर कधी सेवा काही न सांगता १०८०पी चित्र दाखवू लागते. हा शेवटचा प्रकार सर्वांत फसवा म्हटला पाहिजे, कारण दरमहा ४केचे पैसे भरणाऱ्याला आपण साधे एचडी पाहत आहोत याचा पत्ताच लागत नाही.

बँडविड्थच्या, म्हणजे सेकंदाला किती डेटा वाहून नेता येतो त्या क्षमतेच्या, दोषात ओळखीचा प्रश्नच नसतो. तिथे सगळा हिशेब आकड्यांचा असतो. सेकंदाला ६० फ्रेम असलेले, ८ बिटचे आणि रंगाची पूर्ण माहिती देणारे ४के चित्र एचडीएमआय केबलमधून न्यायला सेकंदाला १७.८२ गिगाबिट लागतात. एचडीएमआय २.० ची मर्यादा १८ गिगाबिट असल्यामुळे ते त्यात जेमतेम बसते, पण एचडीएमआय १.४ ची मर्यादा केवळ १०.२ आहे. रंगाची माहिती ४:२:० पद्धतीने कमी केली तर तेच चित्र ८.९१ गिगाबिटमध्ये मावते आणि जुन्या पोर्टमधूनही जाऊ शकते. मात्र एचडीआरला, म्हणजे उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला दाखवणाऱ्या चित्राला, किमान १० बिट लागत असल्याने तो आकडा ११.१४ वर जातो, आणि एवढ्याशा फरकाने पडदा काळा पडतो.

एचडीएमआय २.० आणि एचडीसीपी २.२ ही दोन्ही मानके २०१३ मध्येच आली, त्यामुळे एक असले की दुसरे असणारच असा समज पसरला. पुढच्याच वर्षीच्या रिसीव्हरांमध्ये काही असे होते की जे ६० फ्रेमचे ४के स्वीकारत, पण त्यांत २.२ नव्हते, काहींत २.२ होते, पण पोर्ट १०.२ गिगाबिटचेच होते. खोक्यावर ‘४के’ दोन्हींच्या होतेच. नंतरच्या काही मॉडेलांतही मागच्या सर्व पोर्टना २.२ मिळाले नाही, म्हणून स्टिक कोणत्या पोर्टला लावली आहे हे मागे वाकून एकदा वाचून घ्यावे.

आता निदानाकडे वळू. सर्वसाधारणपणे स्टिकचा मेन्यू नीट दिसून केवळ चित्रपट सुरू करताच पडदा गेला तर संशय एचडीसीपीवर घेतला जातो, आणि मेन्यूतच पांढरे ठिपके चमकत असतील किंवा चित्र क्षणभर जाऊन परत येत असेल तर बँडविड्थवर. यातला दुसरा नियम बराच विश्वासार्ह आहे. पहिला मात्र तितकासा नाही. मेन्यू साध्या रंगांत आणि चित्रपट एचडीआरमध्ये असेल तर चित्रपट सुरू होताच लागणारी बँडविड्थही वाढते, म्हणजे नेमक्या त्याच क्षणी दोन्ही दोष उघड होऊ शकतात. रिझोल्यूशन १०८०पी करून पाहण्याचा सल्ला तर सगळीकडे दिला जातो, पण निदानासाठी तो निरुपयोगी आहे. १०८०पीला एचडीसीपी १.४ सामान्यतः चालते आणि बँडविड्थही ४केच्या चौथाईवर येते, त्यामुळे दोष कोणताही असला तरी चित्र येते आणि आपल्याला काहीच कळत नाही.

त्याऐवजी रिझोल्यूशन ४केच ठेवावे आणि एचडीआर बंद करावे किंवा फ्रेमचा दर ६० वरून २४ वा ३० वर आणावा. एवढ्याने चित्र आले तर दोष बँडविड्थचा, कारण फ्रेम कमी केल्या म्हणून एचडीसीपीची अट सैल होत नाही. दुसरी कसोटी यूट्यूबची. तिथले लोकांनी स्वतः चित्रित करून टाकलेले मोफत व्हिडिओ सहसा संरक्षित नसतात. तेव्हा ४के, ६० फ्रेम, एचडीआर असा व्हिडिओ विनाअडथळा चालला आणि चित्रपट मात्र अडला, तर केबलला हात लावण्याचे कारण उरत नाही.

बँडविड्थचा दोष नेमका कोणत्या केबलमध्ये आहे हे ठरवायला आवाज उपयोगी पडतो. एचडीएमआयमध्ये आवाज चित्राच्याच प्रवाहातून येतो, म्हणून रिसीव्हरच्या स्पीकरांतून तो अखंड येत असेल तर स्टिकपासून रिसीव्हरपर्यंतची वाट बहुधा ठीक आहे आणि पुढची, टीव्हीकडे जाणारी, केबल तपासायला हवी. भिंतीतून नेलेली लांब केबल असते ती बहुधा हीच.

केबल बदलण्याआधी सेटिंग पाहावे. बऱ्याच टीव्हींत आणि रिसीव्हरांत पोर्ट मुळात कमी बँडविड्थवर ठेवलेले असतात. सोनीच्या टीव्हीत ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, तर डेनॉनच्या रिसीव्हरात ‘४के सिग्नल फॉरमॅट’ अशा नावांनी ती मर्यादा उठवता येते. एचडीसीपीच्या बाबतीत आवृत्त्या जुळत असूनही ओळख फसत असेल, आणि वीज जाऊन आल्यावर सगळी उपकरणे एकदम सुरू झाली की असे होऊ शकते, तर सर्वांचे प्लग काढून आधी टीव्ही, मग रिसीव्हर आणि शेवटी स्टिक सुरू करावी.

रिसीव्हरात २.२ मुळातच नसेल तर स्टिक टीव्हीला लावून आवाज एआरसीमधून, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय केबलने उलट पाठवणाऱ्या सोयीतून, रिसीव्हरकडे परत आणावा. त्यासाठी ईएआरसीवाला (एआरसीची जास्त क्षमतेची पुढची आवृत्ती असलेला) नवा रिसीव्हर घ्यायलाच हवा असे नाही, कारण बहुतेक स्ट्रीमिंग सेवांचा सराउंड आवाज डॉल्बी डिजिटल प्लस या संक्षेपित (कॉम्प्रेस केलेल्या) स्वरूपात येतो आणि टीव्ही व रिसीव्हर दोघांनाही तो चालत असेल तर साध्या एआरसीतून जातो. माझा २०१४ चा रिसीव्हर अशा जोडणीवर आजही चालतो आहे, आणि त्या तीन केबलींपैकी दोन अजून पाकिटातच आहेत.