ऑक्सफर्ड, मिसिसिपी : गावाची ख्याती आणि खेळाडूंचा ओढा

२२ जून २०२० रोजी मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघातील कायलिन हिल या खेळाडूने समाजमाध्यमावर जाहीर केले की, राज्याचा ध्वज बदला, अन्यथा मी यापुढे या राज्याचे प्रतिनिधित्व करणार नाही. त्यानंतर आठवडाभरातच, २८ जूनला, मिसिसिपीच्या विधिमंडळाने १८९४ पासून फडकणारा आणि कोपऱ्यात कॉन्फेडरेट चिन्ह, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचे चिन्ह, मिरवणारा तो ध्वज रद्द करणारे विधेयक संमत केले आणि ३० जूनला गव्हर्नर टेट रीव्ह्ज यांनी त्यावर सही केली. याच राज्यातील सुमारे ६४ टक्के मतदारांनी २००१ मध्ये तोच ध्वज कायम ठेवण्याच्या बाजूने कौल दिला होता. एका खेळाडूच्या एका वाक्याने हा बदल घडला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, कारण जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर संपूर्ण अमेरिका त्या उन्हाळ्यात ढवळून निघाली होती. तरीही त्या वाक्याला इतके वजन कुठून आले, हे समजून घ्यायचे तर त्याच राज्यातील दुसऱ्या एका विद्यापीठाच्या गावाचा, ऑक्सफर्डचा, साठ वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

अमेरिकेत विद्यापीठाचा संघ बांधण्याची रीत वेगळी आहे. तेथे नावाजलेला प्रशिक्षक सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या घरी स्वतः जातो, आईवडिलांसमोर बसून बोलतो आणि मग त्या कुटुंबाला विद्यापीठ पाहायला बोलावतो. अगदी अलीकडेपर्यंत नियमानुसार कोणत्याही विद्यापीठाला शिक्षणशुल्क, निवास, जेवण अशा शिष्यवृत्तीपलीकडे खेळाडूला उघडपणे फारसे काही देता येत नसे. पाच-सहा विद्यापीठांकडून सारखीच शिष्यवृत्ती मिळत असली, की निवड प्रशिक्षकावर, खेळायला मिळण्याच्या शक्यतेवर आणि गावावर येऊन ठेपते. गावाची पारख सहसा आई आणि आजीच करतात, आणि मुलाला ठाऊक नसलेल्या कितीतरी गोष्टी त्यांच्या आठवणीत पक्क्या असतात.

ऑक्सफर्डची ख्याती दुहेरी आहे. राज्याचे विद्यापीठ आपल्याकडे यावे या आशेनेच १८३७ मध्ये गावाला इंग्लंडमधील विद्यानगरीचे नाव दिले गेले, आणि १८४८ मध्ये ‘ओल मिस’ या नावाने ओळखले जाणारे मिसिसिपी विद्यापीठ तेथे सुरू झाले. कादंबरीकार विल्यम फॉकनर यांचे हे गाव. न्यायालयाभोवतीचा चौक, जुनी घरे, आणि सामन्याच्या दिवशी ‘ग्रोव्ह’ नावाच्या सुमारे दहा एकरांच्या वनराईत तंबू ठोकून, पांढरी टेबलक्लॉथ अंथरून चालणाऱ्या मेजवान्या, यांमुळे ते दक्षिणेतील अत्यंत देखण्या विद्यापीठगावांपैकी एक मानले जाते. गावाची लोकसंख्या पंचवीस हजारांच्या आसपास, आणि मैदानात प्रेक्षक बसतात साठ हजारांहून अधिक.

याच वनराईला लागून असलेल्या आवारात ३० सप्टेंबर १९६२ च्या रात्री दंगल झाली. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश द्यावा असा न्यायालयाचा आदेश होता, आणि तो प्रवेश रोखण्यासाठी जमाव केंद्र सरकारच्या मार्शलांवर तुटून पडला. पॉल गिहार हे फ्रेंच पत्रकार आणि रे गंटर हे स्थानिक रहिवासी ठार झाले, आणि केंद्राला हजारो सैनिक पाठवावे लागले. खेळाचा संबंध येथेही होता. आदल्याच रात्री राज्याची राजधानी जॅक्सन येथे केंटकीविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात गव्हर्नर रॉस बार्नेट यांनी मैदानात उभे राहून मिसिसिपीवरील, तेथील लोकांवरील आणि रीतिरिवाजांवरील प्रेमाची गर्जना केली होती, आणि त्याचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागला नव्हता. जॉनी वॉट यांच्या प्रशिक्षणाखालचा ओल मिसचा संघ त्या वर्षी एकही सामना हरला नाही. त्या संघात सगळे श्वेतवर्णीय होते. १९६३ मध्ये त्याने साउथईस्टर्न कॉन्फरन्स या दक्षिणेतील विद्यापीठांच्या गटाचे जेतेपद राखले आणि पुढची सहा दशके ते त्याला पुन्हा मिळवता आले नाही. या घसरणीचे सारे खापर दंगलीवर फोडता येणार नाही, पण शेजारची विद्यापीठे कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी दारे उघडत असताना त्या रात्रीची छायाचित्रे ऑक्सफर्डच्या पाठीस लागलेली होती, हेही खरे आहे.

मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या स्टार्कव्हिल या गावी काय परिस्थिती होती, हे मार्च १९६३ च्या एका प्रसंगावरून दिसते. कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघाशी खेळायचे नाही, हा मिसिसिपीतील विद्यापीठांचा अलिखित नियम होता. मिसिसिपी स्टेटच्या बास्केटबॉल संघाला लोयोला शिकागोविरुद्ध खेळायचे होते, म्हणून न्यायालयाचा मनाई हुकूम बजावला जाण्यापूर्वीच प्रशिक्षक बेब मॅकार्थी राज्याबाहेर निघून गेले आणि खेळाडूंनाही गुपचूप विमानात बसवून मिशिगनला नेण्यात आले. संघ ५१-६१ असा हरला, पण सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधारांनी केलेले हस्तांदोलन आजही आठवले जाते. ज्या राज्यात खेळायला जाण्यासाठी स्वतःच्याच खेळाडूंना लपूनछपून निघावे लागते, तेथे बाहेरचा कृष्णवर्णीय मुलगा कशाला येईल?

कॉन्फरन्सच्या फुटबॉल सामन्यात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो ३० सप्टेंबर १९६७ रोजी. केंटकीचा नेट नॉर्थिंग्टन हा तो खेळाडू, आणि समोर होता ओल मिसचा संघ. मेरेडिथ प्रकरणाला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे झाली होती. ओल मिसने मात्र कूलिज बॉल या बास्केटबॉलपटूला १९७० मध्ये, आणि बेन विल्यम्स व जेम्स रीड या फुटबॉलपटूंना १९७१ च्या अखेरीस करारबद्ध केले. त्याच १९७१ मध्ये मिसिसिपीतीलच कोलंबिया गावचा वॉल्टर पेटन जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात दाखल झाला आणि पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावत सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम त्याने अनेक वर्षे आपल्या नावावर ठेवला. त्याचा थोरला भाऊ तेथेच खेळत होता, हेही त्यामागचे एक कारण होते. पण राज्यातील अव्वल कृष्णवर्णीय मुलाच्या घरी ओल मिस हा स्वाभाविक पर्याय मानला जावा, अशी ऑक्सफर्डची ख्याती तेव्हा नव्हती.

बेन विल्यम्स यांना विद्यार्थ्यांनी १९७५ मध्ये ‘कर्नल रेबेल’ हा विद्यापीठातील मानाचा किताब मतदानाने दिला. गाव बदलत असल्याची ती खरी खूण होती, आणि तिचे मोल कमी लेखू नये. पण त्याच विल्यम्सचा खेळ पाहणारे हजारो हात कॉन्फेडरेट ध्वज हलवत होते. १९८२ मध्ये जॉन हॉकिन्स हा पहिला कृष्णवर्णीय चिअरलीडर तो ध्वज हाती घ्यायला नकार देऊन उभा राहिला, आणि पुढच्या वर्षी विद्यापीठाने त्या ध्वजाशी आपला अधिकृत संबंध तोडला. प्रेक्षकांनी मात्र तो सोडला नाही.

या इतिहासातील सर्वांत बोलका टप्पा १९९७ चा आहे. प्रशिक्षक टॉमी ट्युबरव्हिल, जे पुढे अलाबामाचे सिनेटर झाले, यांनी चाहत्यांना हे ध्वज मैदानात आणू नका असे जाहीर आवाहन केले. ध्वजांनी भरलेले प्रेक्षागार दूरदर्शनवर दिसले, की प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांना खेळाडूच्या घरी जाऊन वेगळे काही सांगावेच लागत नसे. विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट खयात हे स्वतः येथील माजी फुटबॉलपटू होते आणि अडचण त्यांना पुरती कळत होती. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कायद्यामुळे ध्वजावर थेट बंदी घालणे अवघड होते. म्हणून सुरक्षिततेचे कारण देऊन मैदानात काठ्या आणण्यास मनाई करण्यात आली, छत्र्यांसह. काठीच नाही, तर ध्वज फडकवणार कशावर? मला हा उपाय पळवाटीचा वाटत नाही. नैतिक आवाहनाने चौदा वर्षांत जे साधले नाही, ते त्या नियमाने थोड्याच काळात बऱ्याच अंशी साधले. मात्र बदलाचे सर्वांत प्रभावी कारण न्यायाचे नव्हे, तर चांगले खेळाडू मिळण्याचे ठरावे, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

पुढचे बदल तुकड्यातुकड्याने आले. संघाचे मैदानावरचे कर्नल रेब हे मानचिन्ह (जुन्या दक्षिणेतील गोऱ्या मळेवाल्याच्या वेशातले पात्र) २००३ मध्ये हटवले गेले, राज्यध्वज ऑक्टोबर २०१५ मध्ये आवारातून उतरवला गेला आणि ‘डिक्सी’ या कॉन्फेडरेट काळातील गीताची धून २०१६ मध्ये थांबली. दरम्यान २०१४ मध्ये मेरेडिथ यांच्या पुतळ्याच्या गळ्यात फास अडकवला गेला आणि जुनी बातमी नव्याने प्रत्येक घरात पोहोचली. फेब्रुवारी २०१९ मध्ये गावात कॉन्फेडरेट समर्थकांचा मोर्चा निघाला, तेव्हा ओल मिसच्या आठ बास्केटबॉलपटूंनी राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकून निषेध नोंदवला. मिसिसिपीला पूर्वनियोजित राष्ट्रीय स्पर्धांचे यजमानपद न देण्याचे एनसीएए या विद्यापीठीय खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचे धोरण २००१ पासून होते आणि जून २०२० मध्ये ते सर्व अजिंक्यपद स्पर्धांना लागू करण्यात आले. २५ जूनला राज्यातील विद्यापीठांचे प्रशिक्षक ध्वज बदलण्याची मागणी घेऊन जॅक्सनच्या विधानभवनात गेले, आणि त्यांत ओल मिसचे लेन किफिन व मिसिसिपी स्टेटचे माइक लीच हेही होते. कायलिन हिलच्या वाक्यामागे ही सारी साखळी उभी होती. १४ जुलैला विद्यापीठाच्या प्रवेशभागातील कॉन्फेडरेट सैनिकाचा पुतळाही तेथून हलवला गेला. ‘ओल मिस’ आणि संघाचे ‘रेबेल्स’ (बंडखोर) ही नावे मात्र कायम आहेत.

जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर उत्पन्न मिळवण्याची मुभा मिळाली, त्यामुळे निवडीत पैशाचा भाग वाढला आणि गावाचे महत्त्व घटले असे अनेकांना वाटते. मला ते अर्धेच पटते. त्याच वर्षी एका वर्षाची सक्तीची विश्रांती न घेता विद्यापीठ बदलण्याची सोयही खेळाडूंना मिळाली. पूर्वी गावाला मुलाच्या आईवडिलांचे मन एकदाच जिंकावे लागे. आता घरमालक भाडेकरूशी कसा वागतो, रात्री गाडी अडवणारा पोलीस कसा बोलतो, यांवर तो मुलगा पुढच्या हंगामात राहील की जाईल हे काही अंशी ठरते, आणि जाणारा मुलगा आपला अनुभव नव्या संघातल्या सहकाऱ्यांना सांगतोच.